दीड श्वासाची जागा

"बाई, तुम्ही इथे काहीतरी खाल्लंत," मास्तर म्हणाले, आणि तिचा हात आपोआप ओठांकडे गेला. बिस्किटाचा चुरा राहिला असेल असं तिला वाटलं. मग तिच्या लक्षात आलं, की समोरच्या माणसाला चुरा दिसायचा प्रश्नच नाही. मास्तरांना जन्मापासून दिसत नव्हतं. तरीही तिने ओठ पुसलेच, आणि पुसून झाल्यावर तिला आपण पकडले गेल्यासारखं वाटलं.

"खाल्लं म्हणजे?"

"म्हणजे गिळलं. या जागेत दीड श्वास आहे. तुमचं वाक्य अर्ध्या श्वासात संपतं. मग उरलेला श्वास कुठे गेला?"

ती खोली म्हणजे एक मोठा डबाच होता. भिंतींना राखाडी स्पंज, दाराला जाड रबराची कड. दार लावलं की बाहेरचं जग कुणीतरी हिसकावून घेतल्यासारखं नाहीसं व्हायचं. एक टेबल, दोन खुर्च्या, एक पडदा. पडद्याकडे तोंड करून ती बसायची आणि पडद्याकडे पाठ करून मास्तर. पडद्याची ऊब मानेला लागली की बरं वाटतं, असं ते कारण सांगायचे. तिच्या मते खरं कारण वेगळं होतं. तिच्याकडे तोंड केलं की तिचा अडखळलेला श्वासही त्यांच्या पदरात पडायचा, आणि फुकटचं काही सोडणं मास्तरांच्या स्वभावात नव्हतं. दोघांचं काम असं, की ज्यांना दिसत नाही अशा प्रेक्षकांसाठी चित्रपटातल्या दोन संवादांच्या मधल्या फटीत हळूच सांगायचं, कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या हातात काय आहे. ती पाहून लिहायची आणि आपल्या आवाजात ते भरायची. मास्तर ते ऐकून सांगायचे, की ऐकणाऱ्याच्या डोक्यात चित्र उभं राहिलं की नुसता धूर झाला. ऑफिसात त्यांना डोळा आणि कान म्हणत. फटी ती दोघं सेकंदांत मोजायची नाहीत, श्वासांत मोजायची. ही मास्तरांची पद्धत. आणि फटीत शब्द कोंबण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. प्रवासाची बॅग भरताना बुटांच्या आत मोजे आणि मोज्यांच्या आत औषधाची बाटली सरकवणाऱ्या बायका असतात, तशी ती लिहायची. अशा बाईने एक अख्खा श्वास मोकळा सोडला, म्हणजे तिथे आधी काहीतरी होतं आणि ते तिने काढून घेतलं, हे कळायला फार तीक्ष्ण कान लागत नव्हते. नुसती ओळख पुरत होती. तसे मास्तरांचे कान ते स्वतः समजत तेवढे तीक्ष्ण नव्हतेच. पावलांवरून माणूस ओळखतो म्हणायचे. ओळखण्यापेक्षा चुकायचेच जास्त, आणि चुकले की त्या माणसानेच बूट बदलले असतील असं ठरवून मोकळे व्हायचे.

चित्रपट दोन पोलिसांचा होता. वर्षानुवर्षं एकाच गाडीतून फिरलेले, एकमेकांच्या डब्यात हात घातलेले. त्यांना चित्रपटात नावं होती, पण ती आणि मास्तर त्यांना थोरला आणि धाकटा म्हणायचे. कोठडीत एक माणूस मेलेला असतो. तो कसा मेला ते धाकट्याला कळतं, आणि तो दुसऱ्या दिवशी कोर्टात सांगणार असतो. त्यात थोरलाही अडकणार असतो. शेवटच्या प्रसंगात भर दुपारी एका पेट्रोल पंपाच्या कडेला त्यांची गाडी उभी आहे. थोरला स्टिअरिंगवर, धाकटा शेजारी. दोघे गप्प. इंडिकेटर टिकटिकतोय आणि तो बंद करायचं कुणालाच सुचत नाही. मग थोरल्याचे डोळे वर आरशात जातात. आरशात मागून एक माणूस चालत येतोय, त्याचा एक हात जाकिटाच्या आत आहे. थोरल्याचे डोळे परत समोर येतात. तो काही बोलत नाही. धाकटा म्हणतो, "पाणी आणतो," आणि दार उघडून उतरतो. पडदा काळा होतो. गोळीचा आवाज. नटांची नावं सरकायला लागतात तरी तो इंडिकेटर टिकटिकत राहतो. या शेवटावर लोक हिरीरीने भांडत होते. थोरल्याने जाणूनबुजून त्याला मरू दिलं. थोरल्याने पाहिलं पण समजला नाही. थोरल्यानेच त्या माणसाला बोलावलं होतं. गोळी मुळी थोरल्याने झाडली आणि धाकटा वाचला. ज्याची जशी नियत तसा त्याचा शेवट, असं तिला ते सगळं वाचताना वाटलं होतं. आणि ती स्वतः? आरसा येतो त्या जागेत तिने लिहिलं होतं, 'थोरला समोर पाहत बसून आहे.' वाक्यात खोटं काही नव्हतं. तो बसून होता. बहुतेक वेळ समोरच पाहत होता. आरसा तेवढा तिने गाळला होता.

त्या वाक्यावर मास्तरांनी गेले काही दिवस थोरल्याचं वकीलपत्र घेतलं होतं. "बिचाऱ्याला कळलंच नाही हो. कळलं असतं तर बोलला नसता का? इतकी वर्षं शेजारी बसलेला माणूस," असं ते चहा घेताना, कोट काढताना, कारण नसताना म्हणायचे. तिच्या एका वाक्याच्या आधारावर त्यांनी एक अख्खा निर्दोष माणूस उभा केला होता, आणि ती त्याला रोज त्यांच्याबरोबर चहा पाजत होती.

"आरसा आहे तिथे," ती आता म्हणाली. आवाज शक्य तितका कामाचा ठेवून तिने त्यांना सगळं सांगितलं. मास्तर ऐकत होते. त्यांची बोटं टेबलाच्या कडेवरून आडवी फिरत होती.

"मग का गाळलात?"

"कारण ती नजर पापणी लवावी एवढीच आहे. पाहणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या ती लक्षातही येत नाही. उरलेल्यांना शंका येते. मी 'थोरला आरशात पाहतो' असं म्हटलं, की शंकेला जागाच उरत नाही. पाहणाऱ्याला शंका मिळते, मास्तर, आणि ऐकणाऱ्याला एकदम निकाल मिळतो."

हे तिचं बोलणं चांगलं होतं. तिला स्वतःलाच ते इतकं आवडलं की क्षणभर ते खरं कारण आहे असंही वाटलं. मास्तरांनी मान डोलवली. चांगल्या मालाला ते मान देत.

"बरोबर आहे. मग शंका येईल असं लिहा. तुम्हाला ठेवलंय कशाला?"

ठेवलंय. ते अगदी सहज म्हणाले. रोज काहीबाही म्हणायचे तसंच. पण तिला तो शब्द अडला. कारण मॅनेजरबाईंनीही मागच्या आठवड्यात हाच शब्द वापरला होता. त्यांच्या केबिनमध्ये एक खोटं झाड होतं, आणि त्याच्या पानांवरची धूळ रोज खऱ्या फडक्याने पुसली जायची. मॅनेजरबाई वयाने तिच्याहून लहान, पण वाईट बातमी सांगताना त्यांना एक प्रौढपणा यायचा, आणि तो त्यांना शोभतो हे त्यांना ठाऊक होतं. पुढच्या महिन्यापासून पहिला खर्डा यंत्र लिहील, त्या म्हणाल्या. मग त्यावरून हात फिरवायला एकच माणूस लागेल. "आम्ही तुम्हाला ठेवतोय." ऐकून तपासणाऱ्याची जागा जाणार, ऐकणारे लोक आपापली मतं थेट कळवतील. "आणि प्लीज, कागद हातात पडेपर्यंत मास्तरांना काही बोलू नका. त्यांच्याशी मी बोलीन. नीट बोलावं लागेल ना." ती "बरं" म्हणाली. त्या "बरं"ला कितीही उलटंपालटं करून पाहिलं तरी ते "बरं"च राहत होतं. पुढे मागे एखादं "पण" चिकटवावं तर तिथे काहीच नव्हतं. आणि सगळ्यात लाज वाटावी अशी गोष्ट ही, की केबिनमधून बाहेर पडताना पहिल्या दोन पावलांत तिला बरं वाटलं होतं. नुसतं, साधं, बरं. तिसऱ्या पावलाला मास्तर आठवले. खोलीत परतल्यावर ते म्हणाले होते, "काय म्हणत होत्या?" आणि ती म्हणाली होती, "काही नाही. रजेचं."

दुपारी ती कॉरिडॉरच्या टोकाच्या खिडकीशी उभी राहिली. खाली एक माणूस शिडीवर चढून दुकानाची पाटी पुसत होता आणि दुसरा शिडी धरून फोनवर बोलत होता. धरणाऱ्याचं सगळं लक्ष फोनमध्ये होतं, पण हात शिडीवरून हलत नव्हता. तिला त्या हाताचं कौतुक वाटलं, मग रागही आला. लहानपणी ती अशीच खिडकीत उभी राहायची. आत्या अंथरुणाला खिळलेली होती, आणि खिडकीतून दिसेल ते तिला सांगायचं, हे घरात या पोरीचं काम. कोण कुणाशी बोलतंय, कुणाच्या पिशवीत काय, कुणाची सून माहेराहून परत आली. आत्या डोळे मिटून ऐकायची आणि मध्येच म्हणायची, "रंग सांग गं, रंग." पोर रंग सांगायची. नसलेले पण सांगायची, कारण लाल म्हटलं की आत्या खूश व्हायची. मग एकदा डॉक्टर आत्याला तपासून बाहेर गेले, आणि खिडकीतून तिला दिसलं, की फाटकापाशी डॉक्टरांनी बाबांकडे पाहून मान हलवली. "काय करतायत गं डॉक्टर?" आत्याने विचारलं. "बुटाची नाडी बांधतायत," ती म्हणाली. तेही खरंच होतं. डॉक्टर खरोखरच वाकून नाडी बांधत होते. खऱ्या गोष्टींमधून एक उचलावी, दुसरी ठेवून द्यावी, आणि समोरच्याने आपले आभार मानावेत, हा धंदा तिला तेव्हापासून येत होता. पुढे मास्तरांनी त्याला शिस्त लावली. सुरुवातीला ती लिहायची, 'तो दुःखाने तिच्याकडे पाहतो.' मास्तर म्हणायचे, "दुःख कुठे दिसलं तुम्हाला? कितीला मिळालं? चेहरा काय करतो ते सांगा." मग ती पुन्हा पाहायची आणि लिहायची, 'त्याचा खालचा ओठ आत ओढला जातो.' "हं," मास्तर म्हणायचे, "आता दुःख माझं मला होऊ द्या." काम शिकवताना त्यांनी तिला शाबासकी म्हणून कधी दिली नाही. हं द्यायचे. त्या हंवर तिने वर्षं काढली होती. तिचं नाव आता यंत्राच्या खर्ड्यावर हात फिरवायला निवडलं गेलं, त्यात तिचं किती आणि त्या हंचं किती, याची विभागणी करायला गेलं तर तिच्या वाट्याला आवाज आणि दोन डोळे एवढंच येत होतं. आणि डोळ्यांचा तर आता काही भरवसा उरला नव्हता.

संध्याकाळी इमारतीच्या दारापाशी रोजचा कार्यक्रम झाला. मास्तरांना कुणी हात धरलेला खपायचा नाही. बस, पायऱ्या, रस्ता सगळं त्यांचं पाठ होतं. पण दारापाशी थांबून ते रोज विचारायचे, "काय आहे?" आणि तिने एका श्वासात बाहेरचं जग द्यायचं. त्यावर हं यायचा किंवा "लांबलं" यायचं. हा कामाचा भाग नव्हता, पण काम सुटेल आणि हे सुटणार नाही असं तिला कधीकधी वाटायचं. आज ती म्हणाली, "ऊन उतरलंय. बस उभी आहे."

मास्तर थोडे थांबले. "हल्ली फार काटकसर चाललीय," ते म्हणाले आणि काठी टेकत गेले.

तिचा नवरा नकाशे काढणाऱ्यांच्या ऑफिसात रेघा मारायचा. घरीही तो प्रत्येक गोष्टीत आधी दरवाजा कुठे आहे ते पाहायचा. चित्रपट त्याला बघवत नसे. तो तिला शेवट विचारायचा आणि मधला भाग स्वतः बांधून घ्यायचा. तो कांदा चिरत होता. तिने त्याला ऑफिसातलं सांगितलं नव्हतं, अजूनही सांगितलं नाही. तिने त्याला चित्रपटाचा शेवट सांगितला, आरशासकट.

"मग? त्याने काय चुकीचं केलं?" नवरा म्हणाला. "बोलला असता तर धाकटा वाचला असता आणि उद्या याला आत टाकून आला असता. न बोलायला काही किंमत पडत नाही. बोलायला पडते."

"म्हणजे तू असतास तर?"

"मी समोर पाहिलं असतं," तो इतक्या सहज म्हणाला, की तिने त्याच्याकडे वळून पाहिलं. कांद्याने त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यामुळे तो फार मोठी गोष्ट सोसून बोलतोय असं दिसत होतं. "पण मला एक कळत नाही. तो धाकटा काय आंधळा होता?" मग त्याला मास्तर आठवले असावेत, त्याने जीभ चावली. "म्हणजे, तोही पोलीसच ना? त्याच्या बाजूच्या दारालाही आरसा असतोच की."

तिने तोंड खिडकीकडे वळवलं. "काय झालं?" नवऱ्याने विचारलं. "कांदा झोंबतोय," ती म्हणाली. ती त्याच्यापासून बरीच लांब, खिडकीशी बसली होती.

दुसऱ्या दिवशी ती लवकर गेली. खोलीचा डबा उघडला, दिवा लावला, पडदा सुरू केला. आवाज बंद ठेवला. तो प्रसंग तिने इतके दिवस इतक्या वेळा पाहिला होता की तो आपल्या खिशात आहे असं ती धरून चालली होती. पण दर वेळी तिने थोरल्यालाच पाहिलं होतं. ऊन त्याच्या तोंडावर होतं, कॅमेरा त्याच्या बाजूला झुकलेला होता, शिवाय तिला त्याच्यातच काम होतं. तो सुटतोय का, हे ती पाहत होती. आज तिने पडद्याच्या उजेडाच्या भागावर हाताचा पंजा धरला आणि उरलेलं पाहिलं. उरलेल्यात धाकटा होता. त्याचं तोंड खिडकीकडे होतं. खिडकीबाहेर दाराचा आरसा होता. त्या आरशात काय आहे ते दिसत नव्हतं, पण धाकट्याची मान तिथून हलत नव्हती. आणि त्याच्या छातीवरचा सीटबेल्ट सैल पडलेला होता. थोरल्याचे डोळे आरशात जायच्या आधीच तो सुटलेला होता. आवाज सुरू केला तेव्हा टिकटिकीच्या खाली पट्टा सुटल्याचा 'कट' असा आवाजही ऐकू आला, इंडिकेटरच्याच एखाद्या ठोक्यासारखा, तिला आणि मास्तरांना दोघांनाही इतके दिवस न कळलेला. म्हणजे धाकट्याने आधी पाहिलं. पट्टा सोडला. आणि मग तो उतरला नाही. एक श्वास, दीड श्वास, तो तसाच बसून राहिला. थोरल्याचे डोळे आरशात गेले ते त्याला कळलंच असणार. शेजारच्याचं डोकं हललं की कळतं. डोळे परत समोर आले तेही कळलं. मगच तो म्हणाला, "पाणी आणतो." लोक भांडत होते की थोरल्याने काय केलं. धाकट्याने काय केलं हे कुणी विचारतच नव्हतं. धाकट्याने वाट पाहिली होती.

तिने पडदा थांबवला. दोघे गाडीत थिजले. खोलीत रबराची कड लावलेली शांतता होती. कसली तरी जाणीव होऊन तिने मास्तरांच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीवर उशी नव्हती. पाठीच्या दुखण्यासाठी त्यांच्या बहिणीने शिवलेली ती हिरवी उशी तिथे कायम असायची. मग तिने खुंटीकडे पाहिलं, स्वेटर नव्हता. फळीवर त्यांचा जाड कानाचा कप नव्हता, कपाच्या जागी फक्त गोल डाग होता. डागावरही धूळ बसलेली होती. म्हणजे हे काल-आजचं नव्हतं. रोज एकेक करून त्या वस्तू काठीबरोबरच्या पिशवीतून गेल्या होत्या, तिच्या डोळ्यांदेखत, आणि जी बाई एका फटीत माणसाचा ओठ, बटण आणि जिन्याचा रंग बसवते असं लोक म्हणायचे, तिला ते दिसलं नव्हतं. ती इतके दिवस समोर पाहत होती. तिने मनातल्या मनात मागे जाऊन एकेक गोष्ट पुन्हा पाहिली. "काय म्हणत होत्या?" असं विचारल्यावर मास्तरांनी हेडफोन लगेच कानावर चढवले नव्हते, हातात धरून ठेवले होते. "बिचाऱ्याला कळलंच नाही हो. कळलं असतं तर बोलला नसता का?" हे ते चहा घेताना म्हणाले होते, आणि म्हणून झाल्यावर कप तोंडाला न लावता थांबले होते. ती समजत होती की म्हातारा पडद्यावरच्या एका पोलिसाची बाजू घेतोय. तो रोज तिला बोलायला एक श्वास देत होता.

रबराची कड सुटल्याचा आवाज झाला आणि मास्तर आत आले. खुर्चीत बसताना उशी नाही म्हणून थोडे खाली गेले, सावरले. "तुमचा परफ्यूम नवीन आहे," ते म्हणाले. तिने परफ्यूम लावलेलाच नव्हता.

"मास्तर, पट्टा आधीच सुटलाय," ती म्हणाली.

"कुणाचा?"

तिने सांगितलं. या वेळी कामाचा आवाज तिला काढता आला नाही, आणि मास्तरांनी तो मागितलाही नाही. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "मागे घ्या." तिने मागे घेतलं. ते कान लावून बसले. "हा कट? हा मी टिकटिकीत धरला होता." ते त्यांना लागलं, हे तिला दिसलं. "म्हातारा झालो."

"म्हणजे त्याने वाट पाहिली."

"हं," मास्तर म्हणाले.

आता जागा होती. पडद्यावर कुणी बोलत नव्हतं, बाहेर कुणी बोलत नव्हतं, समोरचा माणूस हेडफोन हातात धरून बसला होता. ही जागा केवढी आहे ते तिला मोजता आलं नाही. फटीत शब्द कोंबायची तिची सगळी हातोटी गेली होती; एक साधं वाक्य तिला मोठं झालं.

"मॅनेजरबाईंनी मला सांगितलंय," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यापासून तुमची जागा नाही. माझी आहे. मी बरं म्हणाले."

"केव्हा सांगितलं?"

"तुम्ही विचारलंत ना, काय म्हणत होत्या. तेव्हा."

"मला त्याच्या आदल्या दिवशी सांगितलं. म्हणाल्या, बाईंना उद्या सांगणार आहोत, तुम्ही आधी काही बोलू नका. त्यांना नीट सांगावं लागेल." मॅनेजरबाईंचा तो प्रौढ आवाज मास्तरांनी अगदी हुबेहूब काढला, नकला मात्र त्यांना चांगल्या जमायच्या. तिला हसू आलं, आणि या वेळी हसू यावं याचं वाईटही वाटलं.

"मग तुम्ही तरी का नाही बोललात?"

"मी विचारलं होतं की."

आपण माफी मागावी असं तिच्या मनात आलं, पण माफी मागणं म्हणजे आता त्यांच्याकडून आणखी एक वस्तू मागणं होतं, आणि त्यांनी आधीच उशीसुद्धा नेली होती.

"उशिरा का होईना सांगितलंत, असं मी म्हणणार नाही," मास्तर म्हणाले. "उशिरा सांगितलंत."

"हो."

"नोकरी सोडते वगैरे म्हणू नका. शोभणार नाही तुम्हाला. त्या यंत्राच्या मागे कुणीतरी पाहिजेच. ते सगळ्यांना दुःखी करत सुटेल." त्यांनी हेडफोन कानावर चढवले. "चला. लिहा."

नोकरी सोडायचं तिच्या मनात आलं नव्हतं. आलं असावं असं मास्तरांनी धरलं, की आलं नाही हे ओळखून वरून हे दान टाकलं, ते तिला ठरवता येईना. दोन्हीकडून ती कमीच भरत होती. तिने लिहायला घेतलं. आधी पट्टा, मग आरसा, मग डोळे. पट्टा आधी घेतला की थोरल्यावर निकाल बसत नव्हता. ऐकणाऱ्याला दोन माणसं मिळत होती. तिने ते आवाजात भरलं. 'धाकट्याचा पट्टा सुटलेला आहे. तो खिडकीबाहेर पाहतोय. थोरल्याचे डोळे वर आरशात. मागून एक माणूस, हात जाकिटात. डोळे पुन्हा समोर.' मास्तरांनी दोनदा ऐकलं. बोटं टेबलाच्या कडेवरून फिरली आणि थांबली.

"शेवटी किती उरतं?"

"थोडं. 'पाणी आणतो'च्या आधी. आणखी एक शब्द बसेल. टाकू?"

"नको. तो त्या दोघांचा आहे."

उरलेला दिवस बारीकसारीक कामात गेला. मॅनेजरबाई एकदा दार ढकलून डोकावल्या, "सगळं ठीक?" म्हणाल्या, आणि दोघांनी एकाच वेळी "हो" म्हटल्यामुळे थोड्या बिचकून परत गेल्या. संध्याकाळी मास्तरांनी पिशवी उचलली. खोलीत त्यांचं आता काहीच राहिलेलं नव्हतं, तरी त्यांनी फळीवरून एकदा हात फिरवला. ती त्यांच्याबरोबर इमारतीच्या दारापर्यंत आली. तिला वाटलं, आज ते विचारणार नाहीत, आणि विचारलं नाही तर ते योग्यच होईल. मास्तर दारापाशी थांबले. काठी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली.

"काय आहे?"

समोर रस्ता होता, बस होती, ऊन होतं. खऱ्या गोष्टींची कमी नव्हती, उचलावी ती आपली. पण रस्त्याच्या आधी दाराची काच होती, आणि काचेत ती दोघं होती.

"काच आहे," ती म्हणाली. "त्यात आपण दोघं दिसतोय. तुम्ही डावीकडे. कोटाचं वरचं बटण चुकीच्या काजात आहे. काठी डाव्या हातात, पिशवी खांद्याला. तोंड रस्त्याकडे. मी तुमच्या मागे अर्धं पाऊल. माझा हात पुढे आलाय, तुमच्या कोटापर्यंत पोचलेला नाही. तुम्ही निघालेले आहात. मी उभी आहे. माझा खालचा ओठ आत ओढला गेलाय."

मास्तर तसेच उभे राहिले. मग त्यांनी बटण चाचपलं, काढलं, बरोबर काजात घातलं.

"लांबलं," ते म्हणाले.

"राहू द्या," ती म्हणाली.